निळा डबा आणि त्याची दोन कर्नलं

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं होतं, "घरातला वायफायचा राउटर उत्तम चालतोय, तारा तुटलेल्या नाहीत, काही जळलेलं नाही. मग त्याला आता अपडेट मिळणार नाहीत, तो जुना झाला, असं का म्हणतात?" प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी तीसेक वर्षं मागे जावं लागतं. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, सोल्डरिंगची कांडी कधी हातात धरली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कर्नल म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारे प्रोग्रॅम यांच्यामधला कारभारी. लिनक्स हे कर्नल 1991 साली हेलसिंकीत लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने आपल्या पीसीसाठी लिहिलं. 1992 मध्ये ते जीपीएल परवान्याखाली आलं. अट अशी, की जो हे इतरांना देईल किंवा विकेल त्याने सोर्स कोडही द्यायचा. पीसींची घडण साधारण सारखी, म्हणून एकच कर्नल सगळीकडे चालायचं. राउटर, टीव्ही, फोन यांच्या चिपा मात्र प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या. कुठला भाग कुठल्या पत्त्यावर आहे हे चिप स्वतः सांगत नाही, कर्नलला ते आधीच माहीत असावं लागतं. म्हणून चिप कंपनी समुदायाच्या कर्नलची एक प्रत घेते, तिच्यात आपल्या चिपसाठी भर घालते आणि डबा बनवणाऱ्याला देते. तो आणखी काही घालतो. हे झालं विक्रेत्याचं कर्नल.

पोथ्यांचा अभ्यास केलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. लेखनिकाने समासात टाकलेली भर पुढचा लेखनिक मूळ समजून उतरवतो, आणि मग पाठभेद जुळवत बसावं लागतं. पण पोथीचं मूळ निदान पुढे पळत नसतं. इथे समुदायाची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी निघते आणि विक्रेत्याची प्रत जिथे थांबली तिथेच राहते.

एकच उदाहरण नीट पाहू. डिसेंबर 2002 मध्ये लिंकसिसने डब्ल्यूआरटी54जी नावाचा निळा-काळा राउटर बाजारात आणला. आत ब्रॉडकॉमची चिप आणि लिनक्स 2.4. पुढच्या वर्षी जाणकारांच्या लक्षात आलं की यात लिनक्स आहे, पण सोर्स कुठे दिलेला नाही. मागणी झाली, दबाव आला आणि 2003 मध्येच सोर्स जाहीर झाला. त्यातून 2004 साली ओपनडब्ल्यूआरटी प्रकल्प उभा राहिला. जीपीएलचा विजय म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते, आणि तसा तो होताही.

पण बरं का, एक वस्तू सोर्समध्ये आली नाही. वायफायचा ड्रायव्हर फक्त तयार, बंद स्वरूपात मिळाला आणि तोही 2.4 साठीच बनवलेला. लिनक्सच्या आतल्या जोडण्या कायम राहतील असं वचन समुदाय कधीच देत नाही. एका आवृत्तीसाठी बनवलेला ड्रायव्हर पुढच्या आवृत्तीत बसेल याची खात्री नसते. डिसेंबर 2003 मध्ये 2.6 आलं, तरी ज्याला वायफाय हवं तो 2.4 ला खुंटीला बांधल्यासारखा बांधला गेला. शेवटी स्वयंसेवकांनी बंद ड्रायव्हर तपासून चिप कशी वागते याचं वर्णन लिहून काढलं. मग दुसऱ्या लोकांनी, मूळ ड्रायव्हरला न शिवता, त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. त्यातला बी43 हा ड्रायव्हर जानेवारी 2008 मध्ये 2.6.24 बरोबर आला. तरी 2010 च्या ओपनडब्ल्यूआरटीत या चिपांसाठी दोन वेगळी कर्नलं सांभाळलेली दिसतात, एक 2.4 आणि एक 2.6. घर एक, चुली दोन!

आमचं म्हणणं इथे आहे. परवाना तुम्हाला कोड द्यायला लावू शकतो, सांभाळायला लावू शकत नाही. देणं ही एकदाची कृती, सांभाळणं रोजचं. कोड मोकळा झाला की प्रश्न सुटला असं आम्हीही बरीच वर्षं समजत होतो.

विक्रेत्यांची भर समुदायाच्या कर्नलमध्ये आली म्हणजे भागतं असंही नाही. मार्च 2011 मध्ये एआरएम चिपांच्या कोडवरून टॉरवाल्ड्स भडकले (शब्द इथे सांगण्यासारखे नाहीत). प्रत्येक कंपनी तेच ते आपल्या पद्धतीने पुन्हा लिहून पाठवत होती. त्यावरचा मोठा उपाय म्हणजे डिव्हाइस ट्री. बोर्डवर काय कुठे आहे हे कोडमध्ये न लिहिता वेगळ्या फाइलमध्ये लिहायचं. डिसेंबर 2012 च्या 3.7 पासून अनेक कंपन्यांच्या एआरएम चिपांवर एकच कर्नल चालण्याची वाट मोकळी झाली.

हे सगळं का महत्त्वाचं? डर्टी काऊ नावाचं भगदाड 2007 पासून कर्नलमध्ये होतं. ते ऑक्टोबर 2016 मध्ये बुजवलं. समुदायाच्या कर्नलमध्ये दुरुस्ती काही ओळींची होती. पण फोनात आणि डब्यांत जितक्या प्रती गोठलेल्या, तितक्या ठिकाणी ती कुणीतरी हाताने नेऊन बसवायची. आणि तो कुणीतरी एव्हाना पुढच्या मॉडेलवर गेलेला असतो.

दीर्घकाळ सांभाळायच्या आवृत्त्यांचा काळ म्हणूनच 2017 मध्ये दोनावरून सहा वर्षांवर नेला. 2023 मध्ये तो पुन्हा दोनावर आणायचं ठरलं. सांभाळणारे थकले होते आणि इतक्या जुन्या आवृत्त्या वापरणारेही थोडेच उरले होते. वीज, रेल्वे अशा कामांसाठी मात्र सीमेन्स, तोशिबा, हिताची यांनी 2016 मध्ये सिव्हिल इन्फ्रास्ट्रक्चर प्लॅटफॉर्म सुरू केला. तिथे दहा वर्षांचा हिशेब धरतात, आणि पगारी माणसं बसवतात.

आता त्या श्रोत्याला उत्तर. राउटर उलटा करून खालच्या चिठ्ठीवरचं मॉडेल बघा, आणि त्यापुढचा व्हर्जन क्रमांकही बघा. एकाच नावाच्या डब्यात आतलं सामान बदलतं. डब्ल्यूआरटी54जीच्या पाचव्या आवृत्तीत 2005 मध्ये मेमरी कमी केली आणि लिनक्सच काढून टाकलं; लिनक्सवाल्यांसाठी 'जीएल' नावाचा वेगळा डबा काढला. तुमची चिप समुदायाच्या कर्नलमध्ये असेल तर डब्याला अजून आयुष्य आहे. त्या 'जीएल'चं मात्र पुढे वेगळंच झालं. त्यात फ्लॅश 4 एमबी, रॅम 16 एमबी. समुदायाचं कर्नल वाढत गेलं आणि एक दिवस त्या डब्यात मावेनासं झालं.