गुन्ह्याचे वजन कोणत्या तराजूत?

चोरी जुनीच आहे. तिचे हत्यार तेवढे नवे. संगणक आणि मोबाइल यांच्या वाटेने होणाऱ्या गुन्ह्यांत लहान कोणता व मोठा कोणता, हे ठरवावयाचे कसे?

पहिला तराजू कायद्याचा. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला. २७ ऑक्टोबर २००९ पासून त्यात नवी कलमे आली. सायबर दहशतवादाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरली. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद. आणि कलम ६६अ अन्वये त्रासदायक मजकूर धाडणाऱ्यासही तीनच वर्षे! नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईच्या बंदविषयी एकीने फेसबुकवर लिहिले, दुसरीने ते पसंत केले, आणि पालघरच्या त्या दोघी तरुणींना अटक झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केले. खोटे माप मोडावयास पाच वर्षांहून अधिक काळ लागला.

दुसरा तराजू रुपयांचा. ११ व १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये चोरांनी लांबविले. त्यांतील बहुतेक २८ देशांतील एटीएममधून काढले. आकडा प्रचंड खरा. पण खातेदारांच्या ठेवींना धक्का नाही, असे बँकेने सांगितले. याउलट, समजा, आपल्या चुडाव्यातील एखाद्या सालगड्याची पाडव्याला घेतलेली उचल एका फसव्या फोनने गेली. वर्तमानपत्रात ओळ यावयाची नाही. घरात मात्र वर्षभराची चूल अडते.

म्हणून तिसरा तराजू हवा. कामगार चळवळीला तो ओळखीचा आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने बोटांची किंमत केली नाही. कमावण्याची शक्ती किती गेली ते मोजले. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी गेली तर १४ टक्के. आणि भरपाईचा हिशेब ज्याच्या त्याच्या मजुरीवर.

सायबर गुन्ह्यालाही हेच माप लावा. किती रुपये गेले, एवढेच विचारू नका. किती महिन्यांची कमाई गेली, किती माणसांची गेली, आणि गेलेले परत मिळण्याजोगे आहे काय, तेही विचारा. अब्रू गेली असेल तर ती कोणतीही बँक भरून देत नाही. फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवावे. रक्कम लहान म्हणून लाजू नये. लहान रकमेची तक्रार नोंदलीच नाही, तर गरिबाचे नुकसान कोणत्याच तराजूत पडत नाही.