पेटींतलें पुस्तक आणि पडद्यावरचा पाठ

रतनगडाच्या कुशींत प्रवरा उगम पावते आणि भंडारदऱ्यास अडविली जाते. अकोले तालुक्यांतील हें विल्सन धरण १९२६ सालीं पुरें झालें. परंतु केवळ धरण बांधल्यानें खालच्या मुलखांत ऊस उभा राहिला नाहीं. ओझरचा बंधारा, तेथून निघणारे डावे-उजवे कालवे, त्यांच्या चाऱ्या आणि शेवटीं पाळी लावून शेतांत पाणी सोडणारा पाटकरी, एवढी साखळी जुळली, तेव्हां कोठें संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर या बाजूची जमीन भिजली. सांठा ही एक गोष्ट आणि पोंचणें ही दुसरी. अकोल्याच्या डोंगरांतील माणसाला हें निराळें सांगावें लागत नाहीं. धरण दाराशीं असूनहि उन्हाळ्यांत रिकामी राहणारी घागर त्याच्या परिचयाची आहे.

विद्येच्या बाबतींत दिशा तेवढी उलटी. सांठा खालीं शहरांत, तहान वर डोंगरांत. आज विद्यापीठाचा पाठ ऑनलाइन होऊन राजूरच्या किंवा कोतुळच्या मुलाच्या हातांतील पडद्यावर उतरूं शकतो. पण ज्या ग्रंथांच्या आधारावर तो पाठ उभा असतो, ते ग्रंथ त्याच्याबरोबर उतरतात काय? हा प्रश्न नवा वाटतो. त्याचा इतिहास मात्र जुना आहे.

जिल्ह्याच्या ठिकाणीं, म्हणजे तेव्हांच्या अहमदनगरांत व आतांच्या अहिल्यानगरांत, वाचनालय निघालें तें १८३८ सालीं. मुंबई विद्यापीठ स्थापन झालें १८५७ सालीं, आणि पहिलीं कित्येक वर्षें त्याचें मुख्य काम परीक्षा घेण्याचें होतें. शिकवणें महाविद्यालयांत, ग्रंथ ग्रंथालयांत आणि परीक्षा विद्यापीठांत, अशीं विद्येचीं तीन घरें पहिल्यापासूनच वेगळीं पडलीं. पुणें विद्यापीठ १९४९ सालीं निघालें. त्याचे पहिले कुलगुरु बॅ. मुकुंदराव जयकर यांचें नांव पुढें तेथील ग्रंथालयास देण्यांत आलें. अकोल्याचें अगस्ति महाविद्यालय याच विद्यापीठाशीं संलग्न आहे. पण संलग्नतेच्या कागदाबरोबर गणेशखिंडींतील ग्रंथांचीं कपाटें डोंगरावर येत नाहींत.

पुस्तकानेंच वाचकाकडे जावें, हा विचार राज्यकारभारांत आणण्याचें श्रेय श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांजकडे जातें. हा कवळाण्याच्या मातींतला मुलगा बडोद्याचा राजा झाला. १९०६ सालीं त्यांनीं आपल्या राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. परंतु शाळेंत मिळविलेली अक्षरओळख पुस्तकावांचून टिकत नाहीं, हेंहि त्यांनीं जाणलें. म्हणून १९१० सालीं विल्यम बॉर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनीं ग्रंथालयांची एक व्यवस्थाच उभी केली. तिच्यांतील फिरतीं ग्रंथालयें, म्हणजे पुस्तकांनीं भरलेल्या लाकडी पेट्या, गांवोगांव जात. पेटी परतली कीं दुसरी निघे. शाळा आणि ग्रंथालय हीं एकाच कामाचीं दोन अंगें होत, ही त्यामागील दृष्टि होती.

मद्रासेस गणिताचे अध्यापक असलेले रंगनाथन् १९२४ सालीं तेथील विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचे पांच नियम मांडले. ग्रंथ हे वापरण्यासाठीं आहेत आणि वाचकाचा वेळ वांचला पाहिजे, हा त्यांचा आशय. शिकविणाऱ्या माणसानेंच ग्रंथालयाचें शास्त्र घडवावें, हा योगायोग मोठा बोलका आहे.

त्यानंतरचें मोठें पाऊल अकोल्याच्या शेजारींच पडलें. कळसूबाईच्या पलीकडे, नाशिकास, १९८९ सालीं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. शेतावर व कारखान्यांत राबणाऱ्या विद्यार्थ्याला जवळ ग्रंथालय नसणार, हें गृहीत धरून त्याच्यासाठीं स्वयंअध्ययनाचीं पुस्तकें तयार करण्यांत आलीं. शिक्षकाचें बोलणें, उदाहरणें आणि स्वाध्याय हें सारें एकाच पुस्तकांत. सोय फार मोठी झाली, आणि हजारो घरांतील पहिला पदवीधर तिनें घडविला. परंतु तिची एक किंमतहि होती. ज्याला एकच पुस्तक पुरतें, त्याला दुसरें पुस्तक त्या पहिल्याशीं भांडतें कसें, हें पाहण्याची संधि कमी मिळते. आणि विद्यापीठीय शिक्षणाचा गाभा तर त्या भांडणांतच असतो.

पुढें पेटीची जागा तारेनें घेतली. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची ‘एन-लिस्ट’ योजना २०१० सालीं सुरू झाली. तींतून महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना स्वतंत्र सभासदनाम व परवलीचा शब्द मिळून सहा हजारांवर नियतकालिकें घरबसल्या वाचण्याची वाट झाली. २०१७ सालीं ‘स्वयम्’ हें केंद्र सरकारचें ऑनलाइन अभ्यासक्रमांचें व्यासपीठ आलें. चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वाध्याय व चर्चा अशीं त्याचीं चार अंगें ठरलीं. वाचनाला तेथें कागदोपत्रीं बरोबरीचा मान आहे. मार्च २०२० मध्यें महामारीनें महाविद्यालयांचीं दारें बंद केलीं, तेव्हां या मानाची कसोटी लागली. कित्येक प्रकाशक वाचकाची ओळख संस्थेच्या आवारांतील संगणकजाळ्यावरून पटवितात. आवार सुटलें कीं ओळख सुटते. दूरप्रवेशाची वेगळी सोय नसेल, तर ग्रंथालयानें पैसे मोजून घेतलेला लेखहि घरीं बसलेल्या विद्यार्थ्याला कुलूपबंदच राहतो.

कुलूप उघडलें तरी काम संपत नाहीं. हजारो नियतकालिकांच्या दाराशीं नेऊन सोडलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी गोंधळून परत फिरतो. त्याला हवें असतें तें नेमकें प्रकरण, नेमक्या पाठाशेजारीं. इतिहासाचेंच उदाहरण घ्यावें. अकोले तालुक्यांतील देवगांवच्या राघोजी भांगरे यांनीं इंग्रज सत्तेविरुद्ध व सावकारीविरुद्ध उठाव केला. २ मे १८४८ रोजीं ठाण्यास त्यांना फांशीं देण्यांत आलें. हा पाठ चित्रफितींत वीस मिनिटांत संपेल. परंतु त्याच पाठाखालीं १८८४ सालच्या अहमदनगर गॅझेटियरचें संबंधित पान जोडलें, तर विद्यार्थी सरकारी लेखणीनें रंगविलेला ‘बंडखोर’ पाहील. शेजारीं मराठी संशोधकाचा लेख असेल, तर आपल्या डोंगरांतला नायकहि पाहील. मग तो आजीकडून ऐकलेली कथा या दोहोंशीं ताडून बघेल. एवढें घडलें म्हणजे तो पाठ ऐकणारा न राहतां इतिहास वाचणारा झाला.

ही जोडणी आपोआप होत नाहीं. अभ्यासक्रम आंखतांनाच अध्यापक व ग्रंथपाल एकत्र बसावे लागतात. दुवा असा हवा कीं तो पुढच्या वर्षींहि उघडेल. धारिका अशी हवी कीं डोंगरांतल्या क्षीण जोडणीवरहि उतरेल. हक्कांचाहि विचार लागतो. अध्यापनासाठीं ग्रंथांतील उताऱ्यांच्या छायाप्रती काढण्यास १९५७ च्या कायद्याचा आधार आहे, असें दिल्ली उच्च न्यायालयानें २०१६ सालीं ठरविलें. पण तो निकाल कागदी प्रतींच्या वादांतला होता, आणि पडद्यावरील प्रतींना तो कितपत लागू करावा हें ग्रंथपालाला जपूनच ठरवावें लागतें.

सांठा तर वाढतच आहे. नोव्हेंबर २०२४ मध्यें केंद्र सरकारनें ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस तीन वर्षांसाठीं ६,००० कोटि रुपये मंजूर केले. सुमारें १३,००० नियतकालिकें ६,३०० सरकारी संस्थांना खुलीं करण्याचा तो संकल्प आहे. धरण प्रचंड आहे. पण त्यांतलें बहुतेक पाणी इंग्रजी, आणि तें संशोधकाच्या घशाला मानवणारें. मराठींतून शिकणाऱ्या तालुक्याच्या मुलासाठीं मराठी विश्वकोशासारखे खुले झालेले ग्रंथ, जुनीं गॅझेटियरें आणि विद्यापीठांतील मराठी प्रबंध हीच जवळची चारी आहे, आणि ती खणण्यास कोटींची गरज नाहीं.

सयाजीरावांच्या पेटींत मावणारीं पुस्तकें मोजकीं होतीं. परंतु तीं गांवांत पोंचत. आजच्या पेटीला तळ नाहीं, म्हणूनच तिच्यांतून नेमकें पुस्तक काढून नेमक्या पाठाजवळ ठेवणारा हात अधिक मोलाचा झाला आहे. कालव्यावर त्याला पाटकरी म्हणतात, विद्यापीठांत ग्रंथपाल. त्याला अभ्यासक्रमाच्या बैठकीबाहेर ठेवलें, तर धरण भरलेलें राहील आणि शेवटच्या वाफ्याचें पाणी वाटेंतच मुरेल.