'पर्यायी' नियमाची गोष्ट : वीस बाजूंचा फासा मुख्य कसा झाला?

१/ जानेवारी १९७४. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या छोट्या गावातून एक खेळ विक्रीस आला. एक खोके, आत तीन पातळ पुस्तिका, किंमत १० डॉलर, छापलेल्या प्रती १०००. नाव : 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. या खेळातील लढाईचा जो नियम पुढे जगभर रूढ झाला, तो त्या पुस्तिकेत मुख्य नियम नव्हताच. त्याच्या शीर्षकातच 'पर्यायी' हा शब्द होता.

२/ या खेळाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडक्यात : प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो. एक जण पंच होतो आणि भुयारे, राक्षस, खजिने यांचे जग उभे करतो. पात्र काय करते हे खेळाडू सांगतो. वार लागला की हुकला, हे मात्र तक्ता आणि फासा ठरवतात. म्हणजे पात्राचे मरण-जगणे नियमाच्या हाती.

३/ तक्ता मोठा की पंचाचा विवेक, हा वाद फार जुना आहे. १८२४ मध्ये प्रशियाचा तरुण अधिकारी गेऑर्ग फॉन राइसविट्झ याने नकाशा, ठोकळे व फासे यांवर चालणारा युद्धखेळ प्रसिद्ध केला. सेनाधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणात तो रुजला. पण नियम किचकट होत गेले. १८७६ मध्ये फेर्दी दु व्हेर्न्वा यांनी उलट मार्ग सुचवला : तक्ते बाजूला ठेवा, निर्णय अनुभवी पंचावर सोपवा.

४/ ही परंपरा अमेरिकेत चार्ल्स टॉटन यांच्या १८८० च्या 'स्ट्रॅटेगोस' या ग्रंथातून पोहोचली. मिनेसोटातील हौशी खेळाडू डेव्हिड वेस्ली यांनी त्यातून पंचाची कल्पना उचलली. १९६९ मध्ये त्यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा खेळ मांडला. त्यात खेळाडूंना पलटणीऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका मिळाली. त्या खेळाडूंपैकी एक होते डेव्ह अर्नेसन.

५/ इकडे लेक जिनीव्हात गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी १९७१ मध्ये मध्ययुगीन लढायांसाठी 'चेनमेल' ही नियमपुस्तिका काढली. मोठ्या लढाईत एक लहान पुतळा २० सैनिकांचा प्रतिनिधी असे. समोरासमोरच्या झुंजीसाठी निराळा तक्ता होता : शस्त्र कोणते, चिलखत कोणते ते पाहायचे आणि सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. वार लागला की माणूस संपला.

६/ पुस्तिकेच्या शेवटी कल्पनारम्य लढायांची पुरवणी होती. त्यात ड्रॅगन होते, जादूगार होते आणि चार सैनिकांच्या बळाचा 'हीरो'ही होता. अर्नेसन यांनी आपल्या 'ब्लॅकमूर' या काल्पनिक जगात हे नियम वापरून पाहिले. अडचण तेथेच उघडी पडली.

७/ पलटणीतला एक पुतळा पडला तर कोणाला दुःख होत नाही. पण ब्लॅकमूरमधील पात्राला नाव होते, कमाई होती, वैरी होते, आठवड्यांमागून आठवडे जमलेला इतिहास होता. असे पात्र एका फाशात नाहीसे होणे खेळाडूंना मानवेना. चेनमेलचा नियम लढाईसाठी सदोष नव्हता. बदलला होता तो खेळ.

८/ उपाय आला समुद्रावरून. अमेरिकी यादवी युद्धातील (१८६१-६५) लोखंडी कवचाच्या युद्धनौकांसाठी अर्नेसन यांनी पूर्वी नियम रचले होते. एका गोळ्याने नौका बुडत नाही, तिचे नुकसान साचत जाते. हाच हिशेब आपण माणसाला लावला, असे अर्नेसन यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. आज ज्यांना 'हिट पॉइंट' म्हणतात, त्यांची ही वाट.

९/ १९७२ च्या अखेरीस अर्नेसन यांनी लेक जिनीव्हात येऊन ब्लॅकमूर खेळून दाखवले. गायगॅक्स यांनी लगेच आपले 'ग्रेहॉक' हे जग रचले आणि घरच्या मुलांसह मित्रमंडळींना खेळायला बसवले. नियमांचे मसुदे इतर गावांतील खेळाडूंकडेही गेले. लिहायचे, खेळायचे, मोडते कोठे ते पाहायचे आणि पुन्हा लिहायचे, असे १९७३ हे वर्ष गेले.

१०/ छापील पुस्तिकेने लढाईसाठी चेनमेलकडेच बोट दाखवले आणि सोबत 'पर्यायी' पद्धत दिली. तिचे गणित सुटसुटीत होते. चिलखत नसलेल्यावर नवख्या योद्ध्याचा वार लागण्यास वीस बाजूंच्या फाशावर १० किंवा अधिक हवे, म्हणजे शक्यता ५५ टक्के. पूर्ण चिलखत व ढाल असेल तर १७ किंवा अधिक, म्हणजे २० टक्के. वार लागला की सहा बाजूंच्या फाशाइतके नुकसान.

११/ मग पर्याय जिंकला कसा? एक कारण अगदी व्यवहारी होते. चेनमेल वेगळी विकत घ्यावी लागे आणि नव्या खेळाडूंपैकी अनेकांकडे ती नव्हतीच. पर्यायी तक्ता मात्र खोक्यातच होता. वास्तविक त्यालाही अडचण होती : त्या काळच्या वीस बाजूंच्या फाशावर ० ते ९ हे अंकच दोनदा कोरलेले असत. अर्ध्या बाजूंचे अंक वेगळ्या रंगाने रंगवून काम भागवावे लागे. लोकांनी तेही केले.

१२/ दुसरे कारण खेळातच होते. पहिल्या पातळीचे पात्र या पद्धतीतही एका घावात मरू शके. पण पातळी वाढली की हिट पॉइंट वाढत. पळावे की लढावे, हा निर्णय घेण्यास उसंत मिळे. जुन्या पद्धतीचा अवशेष मात्र नावांत राहिला : योद्ध्याच्या चौथ्या पातळीला 'हीरो' आणि आठव्या पातळीला 'सुपरहीरो' म्हणत. चेनमेलमध्ये त्यांचे बळ अनुक्रमे चार आणि आठ माणसांचे होते.

१३/ १९७५ मध्ये दोन पुरवण्या आल्या. 'ग्रेहॉक'ने शस्त्रागणिक वेगळे नुकसान सुचवले. ते टिकले, आजही खंजीर आणि तलवार यांचे फासे वेगळे असतात. त्याच पुरवणीतला प्रत्येक शस्त्र आणि प्रत्येक चिलखत यांच्या जोडीचा तक्ता अनेक टेबलांवर वगळला गेला. 'ब्लॅकमूर' पुरवणीने वार शरीराच्या कोणत्या भागावर लागला याचे नियम दिले. मुख्य खेळात तेही रुजले नाहीत. तपशील वाढला, पण खेळ थांबू लागला.

१४/ त्याच वर्षी 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' प्रसिद्ध झाला. कर्ते एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठातील दक्षिण आशियाई भाषांचे, विशेषतः उर्दूचे अभ्यासक. फाशावर २० पडले की दुप्पट नुकसान, हा नियम त्यांच्या खेळात छापील रूपात दिसतो. आज २० पडताच टेबलावर जो जल्लोष होतो, त्याची ही एक मुळाशी असलेली नोंद.

१५/ गल्लीगणिक क्रिकेटचे नियम बदलावेत, तसे टेबलागणिक लढाईचे नियम बदलू लागले. जून १९७५ मध्ये लॉस एंजेलिस येथे ली गोल्ड यांनी 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. खेळाडू आपापली पाने पाठवत, ती एकत्र बांधून सर्वांना मिळत. कोणी नवा नियम मांडी, दुसरा तो खेळून त्यातले दोष दाखवी.

१६/ कॅलिफोर्नियाचे स्टीव्ह पेरिन यांनी १९७६ मध्ये आपले पर्यायी लढाई-नियम खेळाडूंत वाटले. ते 'पेरिन कन्व्हेन्शन्स' म्हणून ओळखले गेले. मध्ययुगीन झुंजी प्रत्यक्ष खेळणाऱ्या मंडळात ते सुरुवातीपासून होते. १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'मध्ये त्यांनी वेगळी वाट धरली : चिलखत वार चुकवत नाही, ते नुकसान शोषते, आणि समोरचा वार अडवूही शकतो.

१७/ १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये गायगॅक्स यांनी अवयवनिहाय जखमा आणि प्राणघातक वारांच्या नियमांना विरोध केला. हिट पॉइंट म्हणजे केवळ रक्तमांस नव्हे, त्यात कौशल्य आणि नशीबही आले, असे त्यांचे म्हणणे. पर्यायाला मुख्य पदावर बसवणारा लेखकच आता नव्या पर्यायांपुढे दार लावत होता.

१८/ त्याच वर्षी अर्नेसन न्यायालयात गेले. १९७४ च्या खोक्यावर दोघांची नावे होती. 'अ‍ॅडव्हान्स्ड' आवृत्तीवर एकट्या गायगॅक्स यांचे होते, आणि प्रश्न मानधनाचा होता. १९८१ मध्ये तडजोड झाली. नियम ज्याने खेळून शोधला त्याचा, की ज्याने छापण्याजोगा लिहिला त्याचा? तडजोडीने पैशाचा वाद मिटला, हा प्रश्न मिटला नाही.

१९/ २०१२ साली पाचव्या आवृत्तीचे मसुदे चाचणीसाठी सर्वांना खुले झाले. २०१४ च्या पुस्तकात १,७५,००० हून अधिक चाचणी-खेळाडूंचा उल्लेख आहे. ब्लॅकमूरच्या टेबलाभोवतीची मंडळी बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांनी केलेले काम मात्र हेच होते.

२०/ इतिहासाच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. छापील नियमपुस्तिका निकाल सांगते, परीक्षा सांगत नाही. कोणत्या रात्री कोणाचे पात्र मेले, कोण रुसले, कोणी म्हटले की हा नियम बदलायला हवा, हे पुस्तिकेत नसते. ते पत्रांत, हौशी नियतकालिकांत आणि आठवणींत शोधावे लागते. 'पर्यायी' हा शब्द मात्र १९७४ च्या पानावर राहून गेला, आणि त्या परीक्षेचा माग तेथूनच सुरू होतो.