नियंत्रण कक्षाचे आपत्कालीन वायुवीजन (अणुवीज केंद्रांतील)

अणुवीज केंद्रात अपघात झाला असता किरणोत्सर्गी (भेदक किरण वा कण बाहेर टाकणारी) द्रव्ये, विषारी वायू किंवा धूर नियंत्रण कक्षात शिरू नये आणि तेथील चालकांना जागा न सोडता काम करता यावे, यासाठी केलेल्या हवेच्या खास व्यवस्थेस आपत्कालीन वायुवीजन म्हणतात. अपघाताच्या वेळी केंद्रातील इतर बहुतेक माणसांना बाहेर काढता येते. चालकांना तसे करता येत नाही. विक्रियक बंद केल्यावरही इंधनात साठलेल्या किरणोत्सर्गी द्रव्यांच्या क्षयापासून उष्णता निर्माण होतच राहते आणि ती काढून नेण्याचे काम दिवसच्या दिवस चालू ठेवावे लागते. म्हणून या कक्षातील हवा हा केवळ सुखसोयीचा प्रश्न नसून साऱ्या केंद्राच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. मात्र ही व्यवस्था खरोखर काम देते किंवा नाही हे कसे तपासावे, याचे समाधानकारक उत्तर सापडण्यास पाव शतकाहून अधिक काळ लागला.

एरवी नियंत्रण कक्षाचे वातानुकूलन कोणत्याही मोठ्या कचेरीसारखेच असते. धोक्याचा इशारा मिळताच नेहमीच्या वाहिन्यांतील झडपा बंद होतात आणि हवा दोनपैकी एका रीतीने फिरू लागते. पहिल्या रीतीत बाहेरची हवा पूर्णपणे तोडून आतलीच हवा गाळण्यांतून पुनःपुन्हा फिरवतात. विषारी वायूच्या प्रसंगी ही रीत सोयीची असते. दुसऱ्या रीतीत बाहेरची थोडी हवा गाळून आत ढकलतात. त्यामुळे कक्षातील दाब शेजारच्या जागांपेक्षा किंचित जास्त राहतो व फटींतून हवा आत येण्याऐवजी बाहेर जाते, अशी अपेक्षा असते.

गाळण्यांचा इतिहास या कक्षांपेक्षा जुना आहे. अतिसूक्ष्म कण अडविणाऱ्या कागदी गाळण्या दुसऱ्या महायुद्धात वायुमुखवट्यांसाठी झालेल्या संशोधनातून निघाल्या व अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात त्या प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. ०·३ मायक्रोमीटर व्यासाचे किमान ९९·९७ टक्के कण अडविणे, ही त्यांची रूढ कसोटी होय. त्यांहून मोठे कण तंतूंवर आदळून आणि त्यांहून लहान कण स्वतःच्या अनियमित हालचालीमुळे अधिक सहज पकडले जातात. अडचण मधल्या आकाराची असते. इंग्लंडमध्ये विंडस्केल येथील विक्रियकांच्या धुराड्यांवर सर जॉन कॉक्रॉफ्ट यांच्या आग्रहावरून उशिरा बसविलेल्या गाळण्यांची तेव्हा ‘कॉक्रॉफ्टचा खुळेपणा’ म्हणून थट्टा झाली होती. ऑक्टोबर १९५७ मध्ये तेथील एका विक्रियकास आग लागली, तेव्हा त्याच गाळण्यांनी किरणोत्सर्गी कणांचा बराच मोठा भाग अडवला. आयोडीन मात्र त्यांतून मोठ्या प्रमाणात निसटले, कारण त्याचा काही भाग वायुरूप असतो. त्यासाठी पोटॅशियम आयोडाइड वा तत्सम संयुगाचे संस्कार केलेला सक्रियित कोळसा लागतो.

नियंत्रण कक्षासाठी निश्चित मर्यादा अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९७१ मध्ये प्रसृत झालेल्या अभिकल्प-निकषांपैकी एकोणिसाव्या निकषाने घातली. अपघाताच्या संपूर्ण काळात चालकास सर्व शरीरावर ५ रेम (५० मिलिसीव्हर्ट) वा त्याच्याशी तुल्य मात्रेपेक्षा अधिक प्रारण मिळू नये, असे त्यात म्हटले आहे. (महाराष्ट्रातील तारापूरचे अमेरिकी बनावटीचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले, म्हणजे ते या निकषापूर्वीच्या पिढीतील होय.) निकष आला तरी तो गणिताने कसा पडताळावा, हे मर्फी व कॅम्प या दोघा तज्ञांनी १९७४ मधील आपल्या निबंधात मांडले आणि पुढे कित्येक वर्षे आकडेमोड त्याच पद्धतीने होत राहिली. कक्षात दाब वाढवून ठेवला असेल, तर न गाळता आत येणारी हवा जवळजवळ शून्य धरावी आणि दार उघडण्या-मिटण्यापायी मिनिटास १० घनफूट (सु. ०·२८ घ. मी.) गळती धरावी, असा संकेत रूढ झाला. दाबातील आवश्यक फरक होता पाण्याच्या १/८ इंच उंचीचा (सु. ३ मिमी.), म्हणजे वातावरणीय दाबाच्या तीन हजाराव्या भागाइतकाही नाही. तो दीड वर्षातून एकदा मोजला, की कक्ष हवाबंद असल्याचे मानले जाई.

हवेची गळती शोधणे हे काम दिसते तितके निरुपद्रवी नाही, हे त्याच सुमारास कळून आले. ॲलाबॅमा राज्यातील ब्राउन्स फेरी केंद्रात २२ मार्च १९७५ रोजी नियंत्रण कक्षाच्या खालील केबलींच्या दालनात कामगार भिंतीतील छिद्रे बुजवीत होते. पलीकडच्या विक्रियक-इमारतीतील दाब मुद्दाम कमी ठेवलेला असल्याने छिद्रांतून तिकडे वारा ओढला जाई. दाराच्या फटीशी उदबत्ती धरून वारा कोठून येतो ते पाहण्याची आपल्याकडील घरगुती युक्ती सर्वांना ठाऊक आहे. येथे उदबत्तीच्या जागी मेणबत्ती होती. तिची ज्योत छिद्रात ओढली गेली व बुजवणीसाठी कोंबलेल्या पॉलियुरेथेन फेसाने पेट घेतला. आग सुमारे सात तास चालली आणि १,६०० हून अधिक केबली निकामी झाल्या. पहिल्या विक्रियकाची आपत्कालीन शीतन यंत्रणा चालेनाशी झाली आणि धूर वर नियंत्रण कक्षातही शिरला. विक्रियक अखेर सुरक्षितपणे थंड करता आले. या आगीनंतर बुजवणीचे साहित्य ज्वलनशील नसावे हा नियम कडक झाला; पण धूर ज्या वाटांनी कक्षात आला त्या वाटांची मोजणी करण्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथील २८ मार्च १९७९ च्या अपघातात दुसऱ्या विक्रियकाच्या नियंत्रण कक्षातील हवेत किरणोत्सर्ग आढळला व चालकांना श्वसन-मुखवटे चढवावे लागले. मुखवट्यातून बोललेले दुसऱ्याला नीट कळत नाही. शेकडो सूचक दिवे आणि घंटा चालू असताना, विक्रियकात काय चालले आहे याचाच उलगडा झालेला नसताना, माणसांना एकमेकांशी बोलणे अवघड व्हावे याहून वाईट वेळ कल्पिणे कठीण आहे. त्यानंतर नोव्हेंबर १९८० मध्ये तेथील नियामक आयोगाने सर्व केंद्रांना आपले नियंत्रण कक्ष अपघातात वास्तव्यास योग्य राहतील का, हे पडताळण्यास सांगितले. पडताळणी झाली ती मुख्यतः जुन्याच गृहीतकांवर. पुढे १९८६ मध्ये चेर्नोबिल येथे स्फोटानंतर काही काळ चालू राहिलेल्या वायुवीजनानेच शेजारच्या विक्रियकांच्या इमारतींत किरणोत्सर्गी द्रव्ये पसरविली.

या काळात कसून तपासणी होत होती ती गाळण्यांची. कणगाळणीच्या एका बाजूस तेलकट द्रवाचे सूक्ष्म तुषार सोडून पलीकडे किती पोहोचतात ते प्रकाशाच्या प्रकीर्णनावरून मोजतात. कोळशाच्या थरास बगल देऊन वायू निसटतो का, हे पाहण्यासाठी पूर्वी फ्रिऑन वापरीत; ओझोन थराच्या रक्षणाचा करार झाल्यावर त्याऐवजी दुसरी संयुगे आली. कोळशाचा नमुना प्रयोगशाळेत नेऊन त्यावर मिथिल आयोडाइडाची परीक्षा घेतात. येथेही एक चूक बरीच वर्षे राहून गेली. जुन्या पद्धतींत ही परीक्षा ८०° से. वा त्याहूनही जास्त तापमानास घेत. त्या उष्णतेने कोळशातील ओलावा निघून जाई व जुनाट कोळसाही उत्तम ठरे. अपघातात प्रत्यक्षात हवा साधारण खोलीच्या तापमानाची व दमट असते. अखेर १९९९ मध्ये ३०° से. तापमानास व भरपूर आर्द्रतेत परीक्षा घेण्याची पद्धत सर्व केंद्रांना लागू करण्यात आली. रंगकामाच्या वा वितळजोडकामाच्या धुरानेही कोळसा निकामी होतो, म्हणून अशा कामानंतर तो पुन्हा तपासावा लागतो.

पण गाळणी कितीही चांगली असली, तरी तिला वगळून येणारी हवा सगळा हिशोब बिघडवते. समजा, मिनिटास १,००० घनफूट हवा ९९ टक्के कार्यक्षमतेच्या गाळणीतून कक्षात येते. तिच्याबरोबर येणारे प्रदूषण न गाळलेल्या १० घनफूट हवेइतके असते. आता कोठूनतरी १०० घनफूट हवा न गाळता आत आली, तर ती एकटीच याच्या दसपट प्रदूषण आणते.

कक्षातील दाब जास्त असतानाही अशी हवा आत येऊ शकते, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. कारण असे की, वायुवीजनाचे पंखे व वाहिन्या पुष्कळदा कक्षाबाहेरच्या यंत्रदालनात असतात. पंख्याच्या ओढीच्या बाजूस वाहिनीतील दाब भोवतालपेक्षा कमी असतो. तेथे पत्र्याच्या जोडात, झडपेत वा पंख्याच्या दांड्याभोवती फट असली, तर बाहेरची हवा आत शोषली जाते आणि तोच पंखा ती कक्षात सोडतो. ही गळती गाळणीच्या पुढच्या भागात असली, तर तिला अडविणारे काहीच उरत नाही. उलट, ही वाढीव हवा कक्षातील दाब टिकविण्यास हातभारच लावते! दुसऱ्या विभागाची जास्त दाबाची वाहिनी कक्षातून जात असली, तरी हेच घडते. तेव्हा दाबमापक समाधानकारक आकडा दाखवीत असताना कक्षात दूषित हवा भरत असणे पूर्णपणे शक्य आहे.

खरी गळती मोजण्याचा मार्ग मागोवा घेणाऱ्या वायूने दाखविला. सल्फर हेक्साफ्ल्युओराइड हा वर्णहीन, गंधहीन व रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय वायू यासाठी वापरतात. जेम्स लव्हलॉक यांनी १९५७ च्या सुमारास शोधलेल्या इलेक्ट्रॉन-प्रग्रहण अभिज्ञातकाने तो अब्जांश प्रमाणातही ओळखता येतो. हवा तोडलेल्या स्थितीत कक्षात हा वायू सारखा मिसळून त्याची संहती किती वेगाने घटते ते पाहतात. घट जितकी जलद, तितकी बाहेरची हवा जास्त. दाब वाढविलेल्या स्थितीत तो ठराविक वेगाने सोडत राहतात व स्थिरावलेल्या संहतीवरून एकूण किती हवा आत येते ते काढतात. तीतून गाळणीमार्गे येणारी हवा वजा केली, की उरते ती गळती. दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी असल्यामुळे मापनातील लहान त्रुटीही उत्तरात मोठी होते, म्हणून हे काम निष्णात माणसांनीच करावे लागते.

विसावे शतक संपण्याच्या सुमारास अमेरिकेतील सु. ३० टक्के केंद्रांत अशा चाचण्या झाल्या. एक अपवाद वगळता सर्वत्र गळती गृहीत धरल्यापेक्षा अधिक निघाली. काही ठिकाणी तर ती कित्येक पटींनी अधिक होती. यांतील बहुतेक कक्ष दाबाच्या चाचणीत आधी उत्तीर्ण झालेले होते. जून २००३ मध्ये नियामक आयोगाने सर्व केंद्रांस परिपत्रक पाठवून केवळ दाबाची चाचणी पुरेशी नसल्याचे कळविले. त्यासोबतच्या मार्गदर्शिकेनुसार मागोवा-वायूची वा तितकीच भरवशाची चाचणी दर सहा वर्षांनी आणि मध्यंतरी तीन वर्षांनी कक्षाच्या स्थितीचे परीक्षण अपेक्षित आहे. २००७ पासून या गोष्टी केंद्रांच्या परवान्यांतील तांत्रिक अटींत येऊ लागल्या.

हवाबंदीचे काम स्वतः साधे, पण किचकट आहे. वाहिन्यांचे सांधे लेपाने बुजवितात, झडपांच्या पात्यांना व दारांना रबरी पट्ट्या बसवितात, भिंतीतून जाणाऱ्या नळांभोवती सिलिकोनाचा फेस भरतात. केबलीच्या नळकांड्याच्या भोवती बुजवले, पण नळकांडे आतून मोकळेच राहिले, ही नेहमीची चूक होय. जमिनीवरील मोरीच्या वळणातले पाणी आटले, की तीही हवेची वाट होते. पुढे कधी एखादी नवी केबल नेण्यासाठी कोणी भिंतीस भोक पाडले, तर त्याची नोंद होऊन ते त्याच दिवशी बुजले पाहिजे.

जपानमधील दोन घटनांनी या प्रश्नाच्या आणखी दोन बाजू दाखविल्या. ११ मार्च २०११ रोजी फुकुशिमा दाइइची येथे त्सुनामीने वीजपुरवठा नष्ट होताच नियंत्रण कक्षांचे गाळणीयुक्त वायुवीजनही थांबले. पहिल्या व दुसऱ्या विक्रियकांच्या सामाईक कक्षात चालक मुखवटे लावून, प्रारण कमी असलेल्या दुसऱ्या विक्रियकाच्या बाजूस जमिनीलगत बसून राहिले. आणीबाणीपुरती वाढविलेली २५० मिलिसीव्हर्टची मर्यादा सहा कर्मचाऱ्यांनी ओलांडली. सर्वाधिक मात्रा सु. ६७८ मिलिसीव्हर्ट होती आणि तीतील सु. ५९० मिलिसीव्हर्ट श्वासावाटे शरीरात गेलेल्या, मुख्यतः आयोडिनाच्या, किरणोत्सर्गामुळे होते. दुसरी घटना डिसेंबर २०१६ मधील. शिमाने केंद्राच्या दुसऱ्या विक्रियकाच्या नियंत्रण कक्षाचे वायुवीजन तपासताना वाहिनीवरील वेष्टन काढले, तेव्हा पत्रा गंजून छिद्रे पडल्याचे दिसले. त्यांतील सर्वांत मोठे सुमारे एक मीटर लांब व तीस सेंमी. रुंद होते. त्यानंतर जपानच्या नियामक संस्थेने इतर केंद्रांनाही आपल्या वाहिन्या वेष्टन काढून तपासण्यास सांगितले.