यंत्रांचे स्वयंशिक्षित गुरु

संगणकास काम सांगण्याचा जो धंदा गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगभर फोफावला, त्याचा सारा भर आज्ञेवर आहे. प्रोग्रॅमर यंत्रास एकेक पायरी सांगतो. यंत्र ती निमूटपणें पाळतें. कांहीं चुकलें तर कोणत्या ओळींत चुकलें हें बहुधा शोधून काढतां येतें. मशीन लर्निंग, म्हणजे यंत्राध्ययन, या शास्त्राची रीत याच्या उलट आहे. तेथें नियम कोणी लिहीत नाहीं. यंत्रापुढें हजारों उदाहरणें ठेवावयाचीं आणि त्यांतील नियम त्यानेंच काढावा अशी योजना करावयाची. पैन् पैचा ताळा जुळविणाऱ्या मुनिमानें नाडी पाहून निदान करणारा वैद्य व्हावें, तसें हें धंद्याचें पालटणें आहे. असें असूनही २०११ नंतर हजारों प्रोग्रॅमरांनीं हा पल्ला घरीं बसून, स्वाध्यायानें गाठला. तो कसा शक्य झाला हें सांगावयाचें तर थोडें मागून आरंभ करणें प्राप्त आहे.

या शास्त्राचें इंग्रजी नांव १९५९ सालच्या ज्याच्या निबंधानें रूढ झालें, तो आर्थर सॅम्युएल मूळचा विद्युत् अभियंता. त्याचा जन्म १९०१ चा. उमेदीचीं वर्षें बेल प्रयोगशाळेंत निर्वात नळ्यांच्या कामीं गेलीं, आणि संगणक त्याच्या आयुष्यांत आला तो पंचेचाळिशीनंतर. १९४९ सालीं तो आय्. बी. एम्. कंपनींत दाखल झाला व तेथें त्यानें चेकर्स या खेळाचा प्रोग्रॅम लिहिला. हा खेळ बुद्धिबळाच्याच पटावर खेळतात, पण त्याचे नियम सोपे आहेत. पटावरची एखादी मांडणी किती चांगली हें ठरविण्यासाठीं सोंगट्यांची संख्या, त्यांना चालावयास उरलेली जागा अशा अनेक गोष्टींचा हिशेब सॅम्युएलनें केला. मात्र कोणत्या गोष्टीस किती वजन द्यावें हें त्यानें यंत्राकडेच सोंपविलें. यंत्र आपल्याच दुसऱ्या प्रतीशीं डाव खेळे आणि खेळतां खेळतां तीं वजनें दुरुस्त करी. आठ-दहा तासांच्या खेळानंतर प्रोग्रॅम लिहिणारापेक्षां प्रोग्रॅमच सरस खेळूं शकतो, असें त्यानें त्या निबंधांत नमूद केलें आहे. १९६६ सालीं नोकरींतून निवृत्त झाल्यावर हा गृहस्थ स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेला आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होईपर्यंत प्रोग्रॅम लिहीत राहिला!

त्याच्याही आधींचा वॉल्टर पिट्स तर कोणत्याच शाळेचा नव्हे. डेट्रॉइटचा हा मुलगा पंधराव्या वर्षाच्या सुमारास घर सोडून शिकागोस आला, विद्यापीठांत नांव न घालतां व्याख्यानें ऐकत राहिला, आणि १९४३ सालीं वॉरन मॅक्कलक या मज्जाशास्त्रज्ञासह त्यानें मेंदूंतील पेशींचें जें तर्कगणित मांडलें, त्यावर पुढील कृत्रिम मज्जाजालांची इमारत उभी राहिली.

ज्या शास्त्राच्या पायासच असे परके हात लागले, तें पुढें कित्येक वर्षें विद्यापीठें व मोठ्या प्रयोगशाळा यांच्या कोटांत कां राहिलें? कलन आणि संभाव्यता यांचें गणित आड येतें असें सांगतात, व तें खोटें नाहीं. परंतु आमच्या मतें मोठी अडचण साधनांची होती. चांगले धडे वर्गाबाहेर सहसा मिळत नसत, आणि मिळाले तरी ते करून पाहण्याजोगें यंत्र घरीं नसे.

पहिली अडचण २०११ च्या शरद् ऋतूंत दूर झाली. स्टॅनफर्डच्या अध्यापकांनीं तीन अभ्यासक्रम इंटरनेटवर सर्वांस मोफत खुले केले. सेबॅस्टियन थ्रन व पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वर्गांत सुमारें १ लाख ६० हजार लोकांनीं नांवें घातलीं. अँड्र्यू इंग यांच्या यंत्राध्ययनाच्या वर्गांत लाखाच्या वर. गृहपाठ ऑक्टेव्ह या मोफत भाषेंत लिहून पाठवावयाचा आणि तपासावयाचा तो दुसऱ्या प्रोग्रॅमनें. इंग यांच्या वर्गांत शेवटपर्यंत टिकले ते सुमारें १३ हजार. ही गळती पाहून कित्येकांनीं नाकें मुरडलीं. पण एका शिक्षकानें एका सत्रांत तेरा हजार विद्यार्थी पार केल्याचें कोणत्या विद्यापीठाच्या दप्तरांत सांपडेल? एकलव्याची आठवण येथें साहजिक होते. मात्र या एकलव्यांस मातीचा पुतळा घडवावा लागला नाहीं; गुरुच दारीं आला, आणि त्यानें अंगठाही मागितला नाहीं.

दुसरी अडचण पुढच्याच वर्षीं सुटली, आणि तीही मुलांच्या खेळण्यानें. टोरांटोचा विद्यार्थी अलेक्स क्रिझेव्स्की यानें आईबापांच्या घरीं, आपल्या निजावयाच्या खोलींत, व्हिडिओ खेळांसाठीं विकलीं जाणारीं दोन ग्राफिक कार्डें संगणकांत बसवून, बारा लाख छायाचित्रांवर एक मज्जाजाल शिकवून तयार केलें. या कामास पांच-सहा दिवस लागत. इमेजनेटच्या २०१२ च्या स्पर्धेंत दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकाची चूक शेंकडा २६.२ होती, या जालाची १५.३. शास्त्रज्ञांस या आकड्याचें नवल वाटलें. घरीं शिकणारांस त्या खोलीचें.

२०१६ सालीं जेरेमी हॉवर्ड व रेचल टॉमस यांनीं खास प्रोग्रॅमरांसाठीं अभ्यासक्रम काढला. हॉवर्ड हा तत्त्वज्ञानाचा पदवीधर. वर्षभर प्रोग्रॅम लिहिण्याचा सराव, एवढीच त्यांची प्रवेशाची अट होती. चालतें जाल पहिल्याच धड्यांत हातीं द्यावयाचें व गणित मागाहून सांगावयाचें, अशी त्यांची पद्धति. गवई तरी काय करतो? बंदिश आधीं गळ्यावर चढवितो, रागाचें शास्त्र मग.

तथापि या वाटेनें गेलेले प्रोग्रॅमर खरे अडले ते गणितापाशीं नव्हेत. कॉलेजांतलें विसरलेलें गणित कांहीं महिन्यांच्या चिकाटीनें परत येतें; सुटत नाहीं ती संवय. प्रोग्रॅम चालला कीं काम झालें, ही त्यांची जुनी श्रद्धा. यंत्राध्ययनांत चुकलेला प्रोग्रॅमही मुकाट्यानें चालतो, उत्तरेंही देतो. तीं फक्त असावींत त्याहून वाईट असतात, आणि चूक कोणत्या ओळींत हें कोणी सांगत नाहीं. शिकविलेल्या उदाहरणांवर यंत्रानें शंभरांत नव्व्याण्णव गुण मिळविले म्हणून नवशिका हर्षभरित होतो. न पाहिलेल्या उदाहरणांपुढें तेंच यंत्र गोंधळलें म्हणजे त्यास कळतें कीं शिष्यानें नुसतें पाठांतर केलें होतें. पाठांतरावर पोसलेल्या आपल्या शिक्षणांतून बाहेर पडलेल्या माणसास हा दोष ओळखावयास वेळ लागावा, ही एक मौजच आहे. म्हणून कांहीं उदाहरणें परीक्षेसाठीं कुलुपांत ठेवावीं लागतात आणि त्यांकडे डोकावण्याचा मोह आवरावा लागतो. घरीं एकट्यानें शिकणारास हा मोह आवरण्यास दुसरा कोणी नसतो.

क्रिझेव्स्कीच्या जालांत सुमारें ६ कोटि वजनें होतीं. २०२० सालच्या जीपीटी-३ या भाषाजालांत तीं १७,५०० कोटि झालीं, आणि एवढें जाल मुळापासून शिकविणारें यंत्र कोणाच्याही निजावयाच्या खोलींत मावत नाहीं. दुसऱ्यांनीं शिकवून खुलें केलेलें लहानसें जाल घेऊन त्यास आपल्या कामापुरतें पुढें शिकविणें, एवढें घरबसल्या अजून साधतें. आणि पुण्यामुंबईंतल्या पुष्कळ घरांत, कचेरींतून परतलेलीं मुलें-मुली जेवणें आटोपल्यावर रात्रीं तेंच करीत बसलेलीं असतात.