वस्तादाची नजर

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागले, की थोड्याच वेळात शिरढोण हे गाव येते. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी या गावी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला. आज नवी मुंबईची वस्ती पसरत पसरत त्या बाजूला सरकते आहे. वाशी, नेरूळ, खारघर या तिच्या उपनगरांत जागोजागी व्यायामशाळा निघाल्या आहेत. त्यांना आता जिम म्हणतात. तिथे महिन्याचे पैसे मोजले, की एकट्या तुमच्यासाठी शिक्षक मिळतो, पर्सनल ट्रेनर. ऐकणाऱ्याला वाटावे, हे खूळ विलायतेहून आले. नाव विलायती आहे खरे. माणूस मात्र आपल्या ओळखीचा आहे. त्याला आपण वस्ताद म्हणत होतो.

शिरढोणचा हा मुलगा पुढे पुण्यात लष्कराच्या हिशेबी कचेरीत कारकून झाला. दिवसभर लेखणी चालवायची आणि उरल्या वेळात शरीर कमवायचे, असा त्याचा क्रम. तो ज्यांच्याकडे शिकला, ते लहुजी राघोजी साळवे, म्हणजेच लहुजी वस्ताद. लहुजी मातंग समाजातले. जन्म १७९४ चा, पुरंदरच्या पायथ्याचा. त्या काळात जातीची शिवण किती कडक, हे मी सांगायला नको. पण तालमीत वस्तादाच्या पायाला हात लावल्याशिवाय मातीत उतरता येत नाही, मग शिष्य ब्राह्मण असो की माळी असो! जोतीराव फुलेही लहुजींचेच शिष्य. त्यांच्यापाशी आपण दांडपट्टा आणि निशाण मारणे शिकलो, हे जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त स्वतः लिहून ठेवले आहे.

आता हा वस्ताद नेमके काय करी? जोर कसा काढायचा नि बैठक कशी मारायची, हे कोणीही पाहून शिकेल. वस्तादाचे काम त्याच्या पुढचे. नवा पोरगा आला, की त्याची हाडे-पेरे, छाती, श्वास तो नजरेनेच मापतो. कोणाला पंचवीस जोर, कोणाला पन्नास, आणि कोणाला आज काहीच नाही, नुसती माती उकरायची, हे तोच ठरवतो. कोणाच्या खुराकात दूध वाढवायचे, कोणाचे तूप तोडायचे, हेही त्याच्याच हाती. खांदा उतरला तर बसवायचा, अंग मोडून आले तर मालीश करून घ्यायची. पोरगा रात्री जागला असेल तर ते सकाळी त्याच्या पहिल्या बैठकीतच वस्तादाला कळते. त्याच्यासमोर थाप चालत नाही.

पण खरे सांगायचे तर या वस्तादाचीही एक बाजू लंगडी होती. त्याचे लक्ष बहुधा फडावर. पोरगा जिंकेपर्यंत तो त्याचा. तिशी-पस्तिशीत कुस्ती सुटली, की मेहनत थांबते, खुराक मात्र तसाच चालू राहतो. मग पोट सुटते, गुडघे बोलू लागतात. असे जुने पहिलवान कोणत्या गावात नाहीत? शरीर साठाव्या वर्षीही कामाचे राहावे, हा विचार तालमीत थोडा कमीच झाला.

तो विचार धरला औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी. आणि त्याची सुरुवात गमतीची आहे. १८९७ च्या सुमारास त्यांनी युजेन सँडो या युरोपातल्या प्रसिद्ध बलवानाची पुस्तके नि साहित्य मागवले आणि दहा वर्षे त्याप्रमाणे नेमाने मेहनत केली. म्हणजे शिक्षक दूर समुद्रापार, शिष्य औंधात! पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून १९०८ पासून त्यांनी सूर्यनमस्कार धरले ते कायमचे, आणि आपल्या संस्थानच्या शाळांतूनही ते चालू केले. १९५१ साली ते वारले, तेव्हा वय ऐंशीच्या पुढे होते. नमस्काराला साहित्य नको, जोडीदार नको, पैसा नको. ज्याने हे नमस्कार घरोघर नेले, तो राजा होता, ही मौजच म्हणायची.

बडोद्यात जुम्मादादांच्या व्यायामशाळेत प्रा. माणिकराव यांनी दुसरी वाट काढली. शेकडो मुले एका रांगेत, एका तालावर, हुकूम इंग्रजीत नव्हे तर आपल्या भाषेत: ही त्यांची सांघिक व्यायामाची पद्धत. १९०७ ते १९१० या काळात त्यांच्याकडे शिकलेले जगन्नाथ गणेश गुणे, तेच पुढे स्वामी कुवलयानंद. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम काढले आणि आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे यंत्रे लावून तपासायला घेतले. १९३८ मध्ये कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. शाळेत कवायतीचा तास आला, तो अशा खटपटींतून. मुलामुलींच्या अंगाला शिस्त लागली, हा मोठाच लाभ. पण साठ मुलांपुढे एक शिक्षक उभा राहिला, आणि ज्याला दम लागतो तो मागच्या रांगेत कोण, हे पाहणारी नजर तेवढी गेली. शिक्षक मंडळींना हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

नवी मुंबईतला ट्रेनर ती नजरच तर विकतो. ती विकत घ्यावी लागते याचा मला विषाद वाटतो, पण तिची गरज खोटी नाही. तिशीनंतर स्नायू हळूहळू झडू लागतात. मोठ्या माणसांनी आठवड्यात निदान दीडशे मिनिटे मध्यम मेहनत करावी आणि दोन दिवस स्नायूंना जोर द्यावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचा सरावही त्यात येतो. पूर्वी तालमीचा उंबरा बायकांना बहुधा बंदच असे. आज पन्नाशीची बाई ट्रेनरसमोर वजन उचलून हाडे बळकट करते, हे लहुजींच्या वेळी कोणी पाहिले नसते. उलट, दोन महिन्यांत दंड फुगवून देतो म्हणून भुकटी नि सुया पुढे करणारेही याच धंद्यात आहेत. तालमीत अशाला कोणी वस्ताद म्हटले नसते.

म्हणून तुमचा मुलगा शहरात अशा ठिकाणी जाणार असेल, किंवा गावातच कोणी व्यायामशाळा काढली असेल, तर पहिल्या दिवशी कान देऊन ऐका. तो आधी काय विचारतो? गुडघे कसे आहेत, रक्तदाब आहे का, दिवसभर काम कोणते, झोप किती, हे विचारून मग त्याने हलके काहीतरी करायला लावले आणि स्वतः समोर उभा राहून पाहिले, तर पैसे द्यायला हरकत नाही. आल्या आल्या त्याने हातात वजन दिले नि आपण दुसरीकडे बघत बसला, तर अंगणात सतरंजी टाकून सकाळी बारा नमस्कार घातलेले बरे.