भिंतीवरचा चौक आणि रोजचे चित्र

श्रोतेहो, कामगार चळवळीत वावरणाऱ्या माणसाने चित्रकलेवर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. आमचे म्हणणे इतकेच, की चित्र काढणे हेही हातांचे काम आहे. आणि जेथे हातांचे काम आले तेथे वेळ कोणाचा, मजुरी किती आणि नाव कोणाचे, हे तीन प्रश्न आलेच. बार्शीटाकळीचे कालंका देवीचे देऊळ बाराव्या शतकातले. तेथील कोरीव दगड पाहताना आपण राजा कोण, शक कोणता, हे विचारतो. पाथरवटाला काय मिळाले हे विचारत नाही. त्या पाथरवटाला विचारायचे राहिले ते आज एका चित्रकाराच्या बाबतीत विचारू. हा चित्रकार वऱ्हाडातला नव्हे, तेव्हाच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातला. त्यांचे नाव जिव्या सोमा म्हसे, समाजाने वारली, जन्म १९३४ चा, मृत्यू १५ मे २०१८ चा. सणसमारंभ नसतानाही कागदावर आणि कापडावर रोज चित्र काढीत राहणे हा त्यांचा परिपाठ होता.

यात विशेष काय, असे कोणी म्हणेल. विशेष असे, की वारल्यांमध्ये चित्र रोज काढायची वस्तूच नव्हती. आपल्याकडे नागपंचमीला भिंतीवर नाग काढतात. तो त्या दिवसापुरता, आणि काढतात बहुधा बाया. वारल्यांचेही तसेच. घरात लग्न निघाले की कुडाची भिंत शेणामातीने व गेरूने सारवायची, तांदळाच्या पिठात पाणी घालायचे आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून त्या कुंचल्याने चौक काढायचा. हा लग्नचौक. त्याच्या मध्यभागी पालघट देवी. चौक सवाशिणींनी काढायचा, धवलेरीने गाणी म्हणून विधी चालवायचे. गोल, त्रिकोण, चौकोन एवढ्याच आकृत्या. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस झाला. लग्न झाले, पावसाळा आला, की भिंतीबरोबर चित्रही गेले.

आता याच लग्नाची दुसरी बाजू पाहा. लग्नासाठी वारली तरुण जमीनदाराकडून कर्ज काढी. ते फेडण्यासाठी तो जमीनदाराच्या घरी राबे, त्याची बायकोही राबे, आणि कर्ज काही केल्या फिटत नसे. अशा माणसाला 'लग्नगडी' म्हणत. याखेरीज वेठ होतीच. सावकाराचे बोलावणे आले की स्वतःचे शेत टाकून, मजुरीशिवाय, त्याच्या शेतावर जायचे. म्हणजे ज्या लग्नात भिंतीवर देवीचा चौक उमटे, त्याच लग्नात नवरा-बायकोचे पुढले दिवस दुसऱ्याच्या नावावर चढत. ज्याचा दिवस त्याचा नाही त्याने रोजचे चित्र कोणत्या वेळी काढावे?

या गुलामीविरुद्धची लढाई आपल्या चळवळीच्या इतिहासातले मोठे प्रकरण आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. २३ मे १९४५ रोजी झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरले. शामराव व गोदावरी परुळेकर त्यांच्यामध्ये राहून काम करीत होते. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी जमावावर गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार वारली ठार झाले. तरीही लोक मागे हटले नाहीत. वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडली. गोदावरीबाईंनी ही हकिकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे.

जिव्या त्या वेळी अकरा वर्षांचे. त्यांचा जन्म तलासरी भागातला, आणि झरीही त्याच भागात. या लढ्यातूनच त्यांची चित्रकला निघाली असे आम्ही म्हणत नाही. लहानपणी आई गेली तेव्हा त्यांनी बोलणे सोडले आणि जे सांगायचे ते धुळीत रेघा ओढून सांगू लागले, असे सांगतात. ओढ तिथली. परंतु ओढ असणे वेगळे आणि तिच्यासाठी रोज थोडा वेळ हाती असणे वेगळे. ती दुसरी गोष्ट लढून मिळवावी लागते.

१९७० च्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी हे चित्रकार वारल्यांच्या पाड्यांवर आले. त्यापूर्वी बिहारात मधुबनीला त्यांनी बायांना कागद देऊन चित्रे काढायला लावली होती. येथेही त्यांनी कागद दिला. १९७५ मध्ये जिव्यांच्या चित्रांचे प्रदर्शन मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत भरले. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात गेली, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली.

कागदामागून कापड आले आणि रंगही बदलला. पिठाचा रंग भिंतीवर ठीक. कापडाची घडी घातली की तो सुटतो. म्हणून पांढरा ॲक्रिलिक रंग आला. हा रंग म्हणजे पाण्यात मिसळलेली प्लास्टिकसारखी राळ. पाणी उडाले की तो घट्ट बसतो, लवचीक राहतो आणि पुन्हा पाण्याने धुतला जात नाही. पाण्यात कालवायचा हा रंग चित्रकारांसाठी अमेरिकेत १९५० च्या दशकात बाजारात आला. जिव्यांनी तो घेतला, पण जमीन मात्र शेणाची ठेवली: शेणाने सारवलेले कापड आणि त्यावर ॲक्रिलिकची रेघ. त्या रेघेत मासेमारीचे जाळे, वारूळ, तारप्याचा नाच. भिंत घडी करून काखेत मारता येत नव्हती. कापड येऊ लागले. चित्र टिकले, प्रवासाला निघाले, आणि म्हणून विकले जाऊ लागले.

येथूनच आमचे प्रश्न सुरू होतात. पहिला नावाचा. ही विद्या सवाशिणींची. पण बाजार आला तेव्हा नाव बहुतेक पुरुषांचे झाले. जिव्यांचा मोठेपणा याने कमी होत नाही. परंतु चौक काढणाऱ्या बायांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, हेही तितकेच खरे. दुसरा मजुरीचा. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने 'वारली' या नावाचे रक्षण होते. हाताला रोज किती पडावा हे ते ठरवीत नाही. लहान चित्र म्हणजे थोडे काम, असा गिऱ्हाइकाचा समज असतो. बारीक रेघेला मोठ्या रेघेहून अधिक वेळ आणि अधिक डोळा लागतो, हे जिनिंगात वा गिरणीत नजर लावून काम केलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय वारली आकृत्या आता चादरींवर, कपबश्यांवर यंत्राने छापल्या जातात. तेथे तर मजुरी मागायला हातच उरत नाही.

तेव्हा श्रोतेहो, अकोल्याच्या एखाद्या प्रदर्शनात वारली चित्र आवडले तर जरूर घ्या. मात्र आधी ते उलटून पाहा. काढणाऱ्याचे किंवा काढणारीचे नाव नसेल तर दुकानदाराला विचारा, आणि किमतीतले किती त्या हाताला पोचते हेही विचारा. विचारणारी माणसे वाढली तर त्याला उत्तर ठेवावे लागेल.